बावीस जणांच्या बाहेर: रिचमंडच्या काठावरच्या खेळाडूंचा २०१९ चा मोसम

२०१९ च्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,००,०१४ माणसे जमली होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्यात रिचमंडने ग्रेटर वेस्टर्न सिडनीला ८९ गुणांनी लोळवले. हरलेल्या संघाला अख्ख्या सामन्यात तीनच गोल करता आले. त्या दिवशी रिचमंडकडून मार्लियन पिकेट नावाचा सत्तावीस वर्षांचा खेळाडू उतरला आणि वरिष्ठ संघाकडून तो त्याचा पहिलाच सामना होता. थेट अंतिम सामन्यात पदार्पण करण्याची वेळ त्याआधी १९५२ मध्ये कॉलिंगवूडच्या कीथ बॅचेलरवर आली होती. सदुसष्ट वर्षांनी घडलेली गोष्ट सांगायला कुणाला आवडणार नाही? ती इतकी सांगितली गेली की त्या वर्षी रिचमंडच्या राखीव खेळाडूंनी काय केले असे विचारले, तर आजही उत्तर एका नावावर येऊन थांबते.

पिकेटच्या वाट्याला आलेले कौतुक त्याने कमावलेले होते. पण त्या कौतुकात बाकीचा हिशेब बुडाला. मार्च ते सप्टेंबर या सात महिन्यांत पहिल्या संघाच्या उंबरठ्यावर उभे असलेले डझनभर खेळाडू कधी आत आले, कधी बाहेर गेले. काहींनी हरणाऱ्या संघात खेळून टीका झेलली, काहींनी जिंकणारा संघ प्रेक्षकांत बसून पाहिला. त्यांच्या बाजूने तो मोसम पाहिला तर चित्र बरेच वेगळे दिसते.

आपल्याकडे हा खेळ फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडी ओळख. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू, आणि २०१९ मध्ये चार बदली. म्हणजे सामन्याच्या दिवशी संघ तेव्हा बावीस जणांचा असे. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक. क्लबच्या यादीवर मात्र पंचेचाळीसच्या आसपास खेळाडू असत. म्हणजे कोणत्याही आठवड्यात निम्म्याहून अधिक जण संघाबाहेर. त्यांतले काही लांबच्या दुखापतीत, काही नुकतेच शाळा संपवून आलेले अठरा वर्षांचे. उरतात ते आपल्या आढाव्याचे नायक: अंगाने धडधाकट, तयारीने पूर्ण, पण जागा नाही म्हणून बाहेर. गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर होतो तेव्हा त्यांचे नाव फार तर ‘इमर्जन्सी’ म्हणून शेवटी लागते. मग कुणाच्या पोटरीत ऐनवेळी गोळा आलाच तर हवा म्हणून पहिल्या संघासोबत हिंडायचे, आणि तसे काही झाले नाही तर कधी कधी दुसऱ्या संघाचा सामनाही हुकवायचा. या खेळातला हा सगळ्यांत कंटाळवाणा हुद्दा असावा.

दुसरा संघ म्हणजे व्हीएफएलमधला, म्हणजे मोठ्या लीगखालच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधला संघ. इथे थोडे मागे जावे लागेल. १९९९ नंतर व्हिक्टोरियातली राखीव संघांची जुनी स्पर्धा बंद झाली आणि मोठ्या क्लबांनी आपले जादा खेळाडू व्हीएफएलमधल्या उपनगरी क्लबांना जोडून दिले. रिचमंडचे खेळाडू २०१३ पर्यंत कोबर्गकडून खेळत. कोबर्ग हा स्वतःचा इतिहास आणि स्वतःचे चाहते असलेला क्लब; त्याच्या प्रशिक्षकाला शनिवारी सामना जिंकायचा असणार, रिचमंडच्या एकोणीस वर्षांच्या बचावपटूला घडवण्यात त्याला कितपत रस असणार? २०१४ पासून रिचमंडने व्हीएफएलमध्ये स्वतःचा संघ उतरवला. खर्च वाढला, पण राखीव खेळाडू पहिल्या संघाच्याच मैदानात, त्याच पद्धतीने, त्याच शब्दांत शिकू लागला. २०१९ च्या यशाचे मूळ मी या निर्णयात शोधतो. त्या वर्षी व्हीएफएल संघाचा प्रशिक्षक होता क्रेग मॅक्रे. ब्रिस्बेनच्या २००१ ते २००३ या सलग तीन विजेतेपदांत तो खेळाडू म्हणून होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

मोसम सुरू झाला तोच अपघाताने. कार्लटनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात अ‍ॅलेक्स रान्सचा गुडघा गेला. रान्स हा त्या काळातला देशातला सर्वोत्तम बचावपटू मानला जाई, आणि रिचमंडची अख्खी बचावफळी त्याच्याभोवती उभी होती. पुढचे दोन सामने कॉलिंगवूड आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडून मोठ्या फरकाने हरले. कर्णधार ट्रेंट कॉचिन आणि आघाडीचा जॅक रीवोल्ट दुखापतीने बाहेर, डस्टिन मार्टिनवर बंदी. चौथ्या फेरीत पोर्ट अ‍ॅडलेडशी त्यांच्याच मैदानावर गाठ होती, आणि ती या चौघांशिवाय. त्या सामन्याला जाताना रिचमंडकडून फार कुणी अपेक्षा ठेवली नसणार. रिचमंड सात गुणांनी जिंकले.

माझ्या लेखी काठावरच्या खेळाडूंच्या मोसमातला सर्वांत मोठा दिवस तो. त्या दिवशी सिडनी स्टॅक पहिल्यांदा उतरला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या या मुलाला आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, एकाही क्लबने घेतले नव्हते. त्याच वर्षी सुरू झालेल्या नव्या सोयीतून, म्हणजे मोसमाआधी काही आठवडे सराव करून दाखवा आणि मग करार मिळवा अशा तरतुदीतून, रिचमंडने त्याला मार्चमध्ये यादीवर घेतले. एप्रिलमध्ये तो पहिल्या संघात होता, आणि पुढे वर्षातल्या उदयोन्मुख खेळाडूच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळाले. बेधडक टॅकल, चेंडूवर झेपावताना जिवाची पर्वा नाही. रिचमंडच्या चाहत्यांनी त्याला लगेच आपलासा केला.

स्टॅकइतका गाजावाजा लियाम बेकरचा झाला नाही, पण मला विचाराल तर त्याचा मोसम अधिक मोलाचा. बेकर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यातला, ठेंगणा, आणि रुकी ड्राफ्टमधून आलेला. रुकी ड्राफ्ट म्हणजे मुख्य ड्राफ्टमध्ये सगळ्यांनी निवडून झाल्यावर उरलेल्यांची दुसरी निवड. बेकर त्या वर्षी मागे खेळला, पुढे खेळला, सांगाल तिथे खेळला. बहुतेक क्लबांत असा खेळाडू वर्षानुवर्षे ‘उपयोगी’ म्हणून यादीच्या टोकाला राहतो. बेकरने तेच उपयोगी असणे पक्क्या जागेत बदलले.

आणि तो एकटा नव्हता. अंतिम सामन्यातल्या बावीस जणांत जेडन शॉर्ट, जेसन कास्टॅग्ना, केन लॅम्बर्ट आणि इव्हान सोल्डो हेही रुकी म्हणूनच क्लबात आलेले होते. लॅम्बर्ट तर विल्यमस्टाउनकडून व्हीएफएल गाजवून, बऱ्यापैकी वय झाल्यावर आला. सोल्डो बास्केटबॉलमधून आलेला, रिचमंडचा जुना रकमन (उडी मारून चेंडू आपल्या बाजूला वळवणारा उंच खेळाडू) इव्हान मॅरिक याचा नातलग. म्हणजे २०१९ चा काठ समजून घ्यायचा तर हे लक्षात घ्यावे लागते की त्या क्लबात काठावरून आत येण्याचा रस्ता रोजच्या वापरातला होता. पाच-सहा माणसे त्याच वाटेने येऊन आत स्थिरावली होती. बाहेर बसलेल्याला हे दिसत होते. ‘तुझी वेळ येईल’ हे वाक्य प्रत्येक क्लबात ऐकवतात. रिचमंडमध्ये ते खरे करून दाखवणारे सहकारी शेजारच्याच लॉकरपाशी होते.

सगळेच गोड नव्हते. मे संपून जून उजाडला तसा संघ पुन्हा कोसळला. सलग तीन पराभव, त्यांतला जिलाँगविरुद्धचा ६७ गुणांचा. विश्रांतीच्या आठवड्याला रिचमंड सात विजय, सहा पराभव अशा अवस्थेत नवव्या क्रमांकावर होते, म्हणजे बाद फेरीच्या बाहेर. त्या आठवड्यांत संघात असलेल्या नवख्यांवर सर्वांचे बोट होते. काठावरच्या खेळाडूचे हे जुने दुखणे: त्याला संधी मिळते तीच मुळी संघ मोडलेला असताना. दहा अनुभवी माणसांच्या मध्ये उभा राहिला असता तर जो मुलगा नीटनेटका दिसला असता, तो पाच अनुभवी माणसांच्या मध्ये हरवलेला दिसतो. नोआ बाल्टाला त्या वर्षी कधी पुढे, कधी रकमनच्या जोडीला असे फिरवले गेले, आणि त्याचे काय करायचे हे क्लबालाच ठरवता येत नाही असे वाटे. पुढच्याच वर्षी त्याला बचावफळीत नेले आणि २०२० च्या विजेत्या संघात तो होता. २०१९ च्या जूनमध्ये त्याला नापास ठरवणाऱ्यांनी फार घाई केली होती.

विश्रांतीनंतर दुखापती भरत आल्या आणि मग रिचमंड हरलेच नाही. साखळीतले उरलेले नऊ सामने जिंकून तिसरे स्थान, मग ब्रिस्बेनला त्यांच्याच गॅबावर ४७ गुणांनी, मग मध्यंतराला पिछाडीवर असताना जिलाँगला १९ गुणांनी, मग अंतिम सामना. सलग बारा विजय. इथे एक गोष्ट मात्र डोळ्याआड होते. जिंकणारा संघ बदलत नसतो. एप्रिल-मेमध्ये ज्यांनी संघ तगवला, त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये दार बंद होत गेले. स्टॅक अंतिम बावीस जणांत नव्हता. त्याच मोसमात पदार्पण केलेला मध्यफळीतला जॅक रॉस नव्हता. मेबियर चोल नव्हता, ओलेग मार्कोव्ह नव्हता.

उंच खेळाडूंबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टॉबी नॅनकर्व्हिस जायबंदी असताना सोल्डोने रकची जबाबदारी पेलली, आणि नॅनकर्व्हिस परतल्यावरही अंतिम सामन्यात दोघेही खेळले. काठावरच्या खेळाडूला यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र नाही. चोल अधूनमधून चमकला. कॅलम कोलमन-जोन्सने वरिष्ठ संघाचे तोंड पाहिले, एवढेच.

खरी चुरस होती ती छोट्या आघाडीवाल्यांत, आणि तिथे थोडे थांबायला हवे. २०१७ मध्ये रिचमंडने सदतीस वर्षांनी विजेतेपद मिळवले ते उंच आघाडीवाला एकच आणि त्याच्याभोवती चपळ, त्रास देणाऱ्या बुटक्यांची टोळी या रचनेवर. चेंडू पकडता आला नाही तरी चालेल, समोरच्याला तो सुखाने बाहेर काढू द्यायचा नाही. डॅन बटलर त्या टोळीतला. २०१८ मध्ये घोट्याने दगा दिला आणि तो परतेपर्यंत शाई बोल्टनसारखी जास्त हुन्नर असलेली मुले पुढे सरकली होती. टॉम लिंच गोल्ड कोस्टकडून आल्यामुळे आघाडीत उंच खेळाडूंची एक जागाही वाढली. बटलर २०१९ चा बराचसा मोसम व्हीएफएलमध्ये खेळला. खेळ खालावला म्हणून तो बाहेर गेला असे म्हणता येणार नाही. तो ज्या कामासाठी संघात होता ते काम करणारे आता चार जण होते. जॅक हिगिन्सची जागा तर आजाराने हिरावली: आदल्या वर्षी देशातला सर्वोत्तम गोल केल्याचा मान मिळवणाऱ्या या पोराच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत दोष निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि मोसम संपला.

आणि जेकब टाउनसेंड. काठावर राहणे म्हणजे काय हे कुणाला एका खेळाडूवरून समजावून सांगायचे असेल तर मी पिकेटऐवजी त्याला निवडीन. २०१७ मध्ये त्याने व्हीएफएलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा जे. जे. लिस्टन करंडक मिळवला, साखळीच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत वरिष्ठ संघात येऊन दोन सामन्यांत अकरा गोल केले, जागा राखली आणि विजेत्या संघाचे पदक गळ्यात घातले. दोन वर्षांनी तो पुन्हा व्हीएफएलमध्ये होता. म्हणजे उंबरठा एकदा ओलांडला की प्रश्न मिटला असे नाही. उंबरठा सगळा हंगाम तुमच्यामागून चालत येतो. २०१९ संपल्यावर टाउनसेंड एसेंडनकडे गेला.

आता पिकेट. नूंगार समाजातला हा माणूस तारुण्याच्या उंबरठ्यावर घरफोडीच्या गुन्ह्यांत अडीच वर्षे तुरुंगात होता. सुटल्यावर साउथ फ्रीमँटलकडून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळत राहिला. चार मुलांचा बाप झाला. ड्राफ्टमागून ड्राफ्ट गेले, कुणी नाव घेतले नाही. २०१९ च्या मेमध्ये लीगने कैक वर्षांनी मोसमाच्या मध्यावरचा ड्राफ्ट पुन्हा सुरू केला आणि रिचमंडने तेराव्या क्रमांकावर त्याला घेतले. घेतले तेव्हा त्याचे बोट मोडलेले होते. काही आठवडे तो खेळणार नाही हे माहीत असून घेतले. मोसमाच्या मध्यावर खेळाडू घ्यायचा तो तातडीची भोके बुजवायला, असा साधा हिशेब असताना सत्तावीस वर्षांच्या जायबंदी माणसावर निवड खर्च करायला क्लबापाशी सवड लागते. रिचमंडपाशी ती होती, कारण भोके बुजवायला आधीच माणसे होती. पिकेटची कहाणी ही अशी इतर राखीवांच्या खांद्यावर उभी आहे.

२२ सप्टेंबरला व्हीएफएलचा अंतिम सामना रिचमंडने विल्यमस्टाउनविरुद्ध अवघ्या तीन गुणांनी जिंकला आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म गॉस पदक पिकेटला मिळाले. दोन दिवस आधीच जिलाँगविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जॅक ग्रॅहमचा खांदा निखळला होता; निखळलेल्या खांद्याने तो खेळत राहिला, पण पुढच्या शनिवारी उतरणे शक्य नव्हते. जागा एक रिकामी झाली. दावेदार थोडे नव्हते: स्टॅक, रॉस, २०१७ च्या विजेत्या संघात असलेला कॅमडिन मॅकिंटॉश, बटलर, टाउनसेंड. प्रशिक्षक डेमियन हार्डविकने या सगळ्यांना ओलांडून ज्याने वरिष्ठ संघात एक मिनिटही घालवले नव्हते त्याला निवडले.

हे धाडस होते असे म्हणायची पद्धत आहे. मला ते हिशेबी वाटते. पिकेट गेले काही आठवडे मैदानाच्या ज्या भागात खेळत होता, तिथलाच खेळाडू हवा होता. व्हीएफएल संघ वरिष्ठ संघाच्याच पद्धतीने खेळत असल्यामुळे त्याला नवे काही शिकवायचे नव्हते. राखीव संघ दुसऱ्याच क्लबाच्या नावाने, दुसऱ्याच डावपेचांनी खेळत असता तर ही निवड खरोखर जुगार ठरली असती. सामन्यात पिकेटने २२ वेळा चेंडू मिळवून खेळवला, तिसऱ्या क्वार्टरमध्ये गोल केला, आणि मैदानभरचे सहकारी त्याच्याकडे धावत गेले. सर्वोत्तम खेळाडूचे पदक अर्थात मार्टिनला.

आपल्या वाचकांना याच्या जवळचे एक उदाहरण आठवेल. भारतीय क्रिकेट संघाच्या २०२०–२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, मालिकेच्या शेवटी ब्रिस्बेनच्या गॅबावर नेटमध्ये गोलंदाजी करायला थांबवलेले टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर कसोटी पदार्पण करत होते, शार्दूल ठाकूर ६७ धावा काढून सात बळी घेत होता. तिथे अकरा जण उभे करणेच मुश्कील झाले होते. रिचमंडच्या सप्टेंबरात तसे काही नव्हते. तिथे सहा जण तयार होते आणि पाच जणांना ‘नाही’ म्हणायचे होते. राखीव फळी खोल असण्याची किंमत ही अशी असते, आणि ती ज्याला मोजावी लागते त्याचे छायाचित्र कुणी काढत नाही.

रिचमंडच्या तीन वर्षे आधी, २०१६ मध्ये, वेस्टर्न बुलडॉग्सनेही एकाच वर्षी दोन्ही विजेतेपदे मिळवली होती. त्यांचा राखीव संघ फुट्सक्रे या नावाने व्हीएफएल जिंकला. तिथे लिन जाँगचे काय झाले ते आठवण्यासारखे आहे. पर्थमधल्या पहिल्या बाद सामन्यात त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तो हट्टाने परतला, व्हीएफएलचा अंतिम सामना खेळला आणि जिंकला, आणि पुढच्या आठवड्यातल्या मोठ्या अंतिम सामन्यासाठी त्याची निवड झाली नाही. तोच आठवडा, तोच मार्ग, पिकेटच्या नेमका उलटा निकाल. व्हीएफएलच्या अंतिम सामन्यात खेळून आलेल्या खेळाडूंचे सरासरी भवितव्य पिकेटपेक्षा जाँगच्या जास्त जवळ असते. ग्रॅहमकडेही असेच पाहावे. २०१७ मध्ये पाचव्याच सामन्यात, म्हणजे अंतिम सामन्यात, तीन गोल करणारा हा मुलगा २०१९ मध्ये पट्टी बांधून बाहेर बसला.

आता मोसमानंतरचे. काठावरच्या खेळाडूंचा आढावा सप्टेंबरात थांबवला तर तो अर्धाच राहतो, कारण त्यांचा खरा निकाल ऑक्टोबरच्या अदलाबदलीत लागतो. वेतनावर सगळ्या क्लबांना सारखीच मर्यादा आहे; जिंकणाऱ्या संघाचे पगार फुगतात आणि तेविसाव्या खेळाडूला द्यायला पैसे आणि आश्वासन दोन्ही कमी पडतात. बटलर सेंट किल्डाला गेला, आणि रिचमंडला बदल्यात ड्राफ्टमधली एक उशिराची निवड मिळाली. २०२० मध्ये तो सेंट किल्डाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. ब्रँडन एलिसने २०१९ मध्ये आपली जागा टिकवून दुसरे पदक मिळवले आणि पाच वर्षांच्या करारावर गोल्ड कोस्टला गेला. चोलही पुढे गोल्ड कोस्टला गेला आणि २०२२ मध्ये त्याने ४४ गोल केले. बटलर आणि चोल हे दोघे रिचमंडमध्ये ‘पुरेसे चांगले नाहीत’ म्हणून बाहेर होते. इतर क्लबांनी त्यांच्यावर जी मेहनत करायला हवी होती ती रिचमंडने स्वतःच्या खर्चाने करून दिली, असाही याचा अर्थ निघतो.

मार्कोव्हची वाट सर्वांत लांब. बेलारूसमध्ये जन्मलेला, अ‍ॅडलेडमध्ये वाढलेला हा बचावपटू रिचमंडच्या तिन्ही विजेतेपदांच्या वेळी क्लबात होता आणि तिन्ही वेळा संघाबाहेर. २०२० नंतर गोल्ड कोस्टला गेला. दोन वर्षांनी तिथूनही सुट्टी मिळाली. २०२३ च्या सुरुवातीला कॉलिंगवूडने त्याला मोसमापूर्वीच्या त्याच तरतुदीतून घेतले जिच्यातून रिचमंडने स्टॅकला घेतले होते. कॉलिंगवूडचा प्रशिक्षक होता क्रेग मॅक्रे. त्या सप्टेंबरात कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवले तेव्हा मार्कोव्ह संघात होता. आणि रकाना पूर्ण करायचा तर हेही नोंदवायला हवे, की पिकेटच्याच मध्यमोसमी ड्राफ्टमधून कॉलिंगवूडकडे आलेला जॉन नोबल त्या अंतिम सामन्यात संघाबाहेर होता. मॅक्रेला राखीव खेळाडू कळतात म्हणून ‘नाही’ म्हणण्यातून त्याची सुटका झाली नाही.

रिचमंडमध्ये ही घडी फार काळ टिकली नाही. २०२० मध्ये साथीमुळे व्हीएफएलचा मोसमच रद्द झाला. राखीव खेळाडू क्वीन्सलँडच्या हॉटेलांत राहून अधूनमधून सरावसामने खेळले. रिचमंडने ते विजेतेपदही मिळवले, आणि त्या संघात बाल्टा, ग्रॅहम, मॅकिंटॉश, पिकेट हे चौघे होते, म्हणजे २०१९ च्या काठाचे व्याज मिळाले म्हणा. पण मॅक्रे गेला, लीगने खर्चकपातीत खेळाडूंच्या याद्या आखडल्या, गेलेल्यांच्या जागी तितके तयार कुणी आले नाही. २०२१ मध्ये संघ बाराव्या स्थानी आला आणि २०२४ मध्ये तेवीस सामन्यांपैकी दोन जिंकून तळाला गेला. वय वाढले, सूत्रधार निवृत्त झाले, ही कारणे सगळे सांगतात आणि ती खरी आहेत. माझ्या मते, बावीस जणांच्या मागची दुसरी रांग आधी पातळ झाली आणि पहिली त्यानंतर मोडली.

म्हणून निकाल देताना मी दोन वेगळ्या याद्या करीन. बावीस जणांची तुलना करायची तर २००१–०३ चे ब्रिस्बेन, २००७–११ चे जिलाँग आणि २०१३–१५ चे हॉथॉर्न या तिघांनाही मी रिचमंडच्या वर ठेवतो. तेविसाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतच्या खेळाडूंची तुलना करायची असेल तर या शतकात २०१९ च्या रिचमंडचा क्रमांक पहिला.